शेगडीची कॉइल आणि स्टोव्हच्या वाती: बदलायची वेळ कशी ओळखायची

कॉइल तुटते एका क्षणात, पण तिची तुटायची तयारी कित्येक दिवस चाललेली असते. वातीचंही तसंच. ज्योत पिवळी पडते, भांड्याचा बुडखा काळा होतो, रॉकेल भरूनही आंच वाढत नाही, आणि तरी आपण वात वर-वर ओढत राहतो. या खुणा वेळेत ओळखता आल्या तर ऐन स्वयंपाकात चूल बंद पडत नाही. शिवाय दोष भलतीकडेच असताना चांगली कॉइल फेकून दिली जात नाही, आणि हे फार वेळा घडतं.

गॅस घरोघरी आला तरी बेळगावात खोली करून राहणाऱ्या मुलांकडे, चहाच्या गाड्यांवर, अंघोळीचं पाणी तापवायला म्हणून कितीतरी घरांत कॉइलची शेगडी आहेच. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात झाड पडून करंट गेला की परत कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून वातींचा स्टोव्हही अजून माळ्यावरून खाली येतो. एक विजेवर चालते, दुसरा रॉकेलवर, पण दोन्हीत झिजणारा भाग एकच: जिथे आंच तयार होते तो.

आधी कॉइल

हात लावण्याआधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, जोडलेलं सापडतं. तसं असेल तर बटण बंद, कॉइल थंड, आणि तरीही तिच्यात करंट असतो. प्लग काढल्यावर प्लेट पूर्ण थंड व्हायला अर्धा तास द्या. मातीची प्लेट वरून थंड लागली तरी आतून बराच वेळ तापलेली असते.

कॉइलची सगळ्यात चांगली तपासणी अंधारात होते. संध्याकाळी दिवा बंद करा, शेगडीवर भांडं न ठेवता तीन-चार मिनिटं चालू ठेवा आणि थोडं लांबून, बाजूने बघा. चांगली कॉइल सगळीकडे सारखी लालसर-नारिंगी दिसते. टर्मिनलजवळची, म्हणजे जिथे वायर कॉइलला नटाने जोडलेली असते तिथली, दोन टोकं जरा काळपट राहतात, त्यात दोष नाही. आता यात तीन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

एखादा पट्टा जास्त उजळ आहे आणि थंड झाल्यावर पाहिलं तर तिथले वेढे दाटीने बसलेत. ही कॉइल मेलेली नाही, बसवतानाच ती सारखी ताणली गेली नव्हती. एखादा पट्टा उलट काळा राहतो, कारण तिथले वेढे एकमेकांना चिकटलेत आणि करंट वेढ्यातून फिरण्याऐवजी सरळ पुढे जातो. काळ्या पट्ट्यामुळे उरलेल्या कॉइलवर जास्त भार येतो, म्हणून तो तसाच ठेवू नये. तिसरी खूण खरी शेवटची: वेढ्यांमधलं अंतर सारखं आहे, आणि तरी बोटभर तुकडा बाकीच्यापेक्षा पिवळसर-पांढरा तळपतो. तिथे तार बारीक झालेली आहे. बारीक तारेला विरोध जास्त, म्हणून उष्णता जास्त, उष्णता जास्त म्हणून तार आणखी झिजते. हे चक्र थांबत नाही. असा तुकडा दिसला की नवी कॉइल आणून ठेवा.

पहिल्या दोन प्रकारांत कॉइल थंड असताना नोज प्लायरने वेढे सारखे करून बघायला हरकत नाही. मात्र बरीच वापरलेली तार ठिसूळ झालेली असते आणि प्लायर लावताच तुटू शकते. घरात दुसरी कॉइल असल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

थंड कॉइलवरही वाचण्यासारखं असतं. चांगली तार गडद राखाडी, एकसारखी दिसते. हा थर क्रोमियमच्या गंजाचा, आणि तोच आतल्या तारेला हवेपासून वाचवतो, म्हणून तार चमकवायला म्हणून सॅंडपेपर कधीही मारू नका. थर पापुद्र्यांसारखा सुटायला लागला, तारेवर पांढरे-हिरवे डाग किंवा बारीक खड्डे दिसले की ती संपत आली. कॉइल खाचेतून वर उचललेली दिसली तर तिथे तारेचा दोष असेलच असं नाही, बऱ्याचदा प्लेटच्या खाचेची कड तुटलेली असते. पण शेगडी त्याच दिवशी बंद करावी. उघड्या कॉइलमध्ये २३० व्होल्ट असतात. भांड्याचा बुडखा तिला टेकला की भांडं, पळी आणि पळी धरणारा हात एकाच रांगेत येतात.

मीटर सांगतो ते

शंभर-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असला तर अंदाज संपतो. प्लग बाहेर काढा, मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही सळया एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो बघा आणि नंतर तो वजा करा. मग सळया कॉइलच्या दोन टर्मिनलना लावा. थंड कॉइलसाठी साधारण हे आकडे यायला हवेत: १००० वॅटला ५० ते ५३ ओहम, १५०० वॅटला ३३ ते ३६, २००० वॅटला २५ ते २७. नवी कॉइल बसवली त्या दिवशीचा आकडा शेगडीच्या खालच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी तो दहा टक्क्यांनी वाढलेला दिसला, म्हणजे २६ चा २८-२९ झाला, तर तार झिजलीय. आकडा कमी झाला तर वेढे चिकटलेत किंवा कोणीतरी तुटलेला तुकडा काढून कॉइल आखूड केलीय. आकडा येतच नसेल तर कॉइल कुठेतरी तुटलीय, किंवा टर्मिनलचा नट सैल आहे. आधी नट बघा.

मीटर नसेल तर पाणी घ्या. कॉइल नवी असताना एक लिटर पाणी, ठरलेलं एक सपाट बुडाचं भांडं, झाकण ठेवून किती मिनिटांत उकळतं ते लिहून ठेवा. दुसऱ्याच्या शेगडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही, भांडं बदललं की तो बदलतो. दर दोन-तीन महिन्यांनी तोच प्रयोग करा. वेळ चांगलीच वाढली असेल तर काहीतरी बिघडलंय.

पण कॉइलला दोष देण्याआधी व्होल्टेज बघा. इथेच सगळ्यात जास्त चांगल्या कॉइली फेकल्या जातात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १८० व्होल्ट झाले तर २००० वॅटची शेगडी सव्वाबाराशे वॅटच देते. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब, पिकाला पाणी सोडायचे पंप चालू असताना भाकरीचा तवा तापत नाही तो यामुळे. त्याच वेळी घरातले दिवेही मंद असतील किंवा पंखा हळू फिरत असेल तर कॉइल ठीक आहे. उलटं, रात्री उशिरा व्होल्टेज २५० ला गेलं तर तीच कॉइल साडेतेवीसशे वॅट ओढते. वारंवार असं होत असेल तर कॉइल लवकर जाणारच. तेव्हा बदलण्याची गोष्ट कॉइल नाही, हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, तक्रार नोंदवा.

कॉइल लवकर का जाते

कॉइल किती महिने टिकावी याचा एक आकडा सांगता येत नाही. पण आधीची टिकली तितकी नवी टिकली नाही, तर कारण शोधल्याशिवाय तिसरी बसवू नका. तीच खोड तिलाही खाईल.

पहिलं कारण उतू जाणं. कुंद्यासाठी दूध तासन्‌तास आटवताना, करदंटासाठी गुळाचा पाक करताना चार थेंब लाल कॉइलवर पडतात. दुधातलं मीठ आणि जळलेली साखर तारेला चिकटते, तिथला संरक्षक थर फुटतो, आणि पुढे नेमका तोच तुकडा पिवळा तळपायला लागतो. उतू गेलं की प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या, जुन्या टूथब्रशने कोरडं घासून राख काढा. ओलं फडकं नको. मातीची प्लेट पाणी पिते, आणि ओल्या प्लेटमधून भांड्यापर्यंत मुंग्या येण्याइतका करंट येऊ शकतो. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली शेगडीही आधी दिवसभर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवूनच लावा.

दुसरं कारण सैल टर्मिनल. नट सैल असला की तिथे ठिणग्या पडतात आणि कॉइल नेहमी टोकाशीच जळते. तुमची कॉइल दर वेळी टर्मिनलपासून बोटभर अंतरातच तुटत असेल तर दोष कॉइलचा नाही. नट, वायसर आणि वायरचं टोक बदला.

तिसरं, चुकीची कॉइल. १००० वॅटच्या आखूड खाचांच्या प्लेटमध्ये २००० ची कॉइल कोंबली तर वेढे दाटतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि तार स्वतःच्याच आंचेने झिजते.

तुटलेली कॉइल पिळून जोडणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. एका जेवणापुरता तो चालेल. पण पीळ हा कमकुवत सांधा आहे, तो गंजतो, तापतो आणि तिथेच परत तुटतो. शिवाय दर वेळी तार आखूड होते. दहावा भाग गेला की २००० वॅटची शेगडी २२०० वॅट ओढायला लागते आणि उरलेली तारही लवकर जाते. पुन्हापुन्हा जोडण्यापेक्षा बदललेली बरी. सोल्डर तर अजिबात नको, ते लाल कॉइलच्या कितीतरी आधीच वितळून गळतं.

कॉइल घेताना आणि बसवताना

रविवार पेठेत किंवा तालुक्याच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसती ‘शेगडीची कॉइल’ मागू नका. वॅट सांगा आणि जमलं तर जुनी कॉइल बरोबर न्या. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. निकेल-क्रोमची तार त्याला चिकटत नाही. लोखंड-क्रोम-ॲल्युमिनियमची स्वस्त तार चिकटते. ती वाईट असते असं नाही, पण एकदा तापल्यावर ती फार ठिसूळ होते. ती बसवल्यावर परत वेढे सारखे करता येत नाहीत, म्हणून पहिल्याच वेळी नीट बसवावी लागते.

बसवण्याआधी जुनी कॉइल कोणत्या छिद्रातून आत येते आणि कुठून बाहेर पडते याचा मोबाइलवर फोटो काढा. मग दोरा घेऊन खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि तो मोजा. नवी कॉइल त्या लांबीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमीच ताणायची. दोन्ही टोकं दोन हातांत धरून एका दमात सावकाश ओढा, मधूनच चिमटीत धरून ओढलं की तिथले वेढे विरळ होतात. सोडल्यावर कॉइल थोडी मागे येते, तेवढी धरूनच चाला. जास्त ताणलेली कॉइल परत दाबून दाट होत नाही, म्हणून कमीपासून सुरुवात करा.

खाचेत बसवताना मधून बाहेर, वळणांवर बोटाने दाबत जा. कॉइल खाचेच्या कडेपेक्षा खाली बसली पाहिजे. टोकाचे सात-आठ सेंटिमीटर सरळ करून, अर्ध्यावर दुमडून, स्वतःभोवतीच पिळा. दुहेरी तारेला विरोध निम्मा, त्यामुळे टोक कमी तापतं आणि टर्मिनल वाचतं. प्लेटखाली जाणाऱ्या तारेवर चिनी मातीचे मणी घाला, तिथे प्लास्टिकची टेप लावू नका, ती वितळते. टोक स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा म्हणजे नट आवळताना ते आत ओढलं जातं. तारेच्या दोन्ही बाजूंना पितळी वायसर हवेत.

प्लेटला आरपार तडा असेल किंवा खाचेची कड दोन ठिकाणी तुटली असेल तर आधी प्लेट बदला. अर्थची हिरवी वायर पत्र्याला घट्ट आहे ना, तिच्या स्क्रूवर गंज नाही ना, हे याच वेळी बघून घ्या. २००० वॅटला जवळपास पावणेनऊ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचा प्लग, तसंच सॉकेट आणि दीड चौरस मिलिमीटरची तीन पदरी तांब्याची वायर. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अ‍ॅडाप्टर लावून ही शेगडी चालवली तर आधी सॉकेट जळतं.

नवी कॉइल पहिल्यांदा भांडं न ठेवता दहा मिनिटं लाल होऊ द्या. थोडा धूर आणि वास येतो, तो तेलाचा. याच दहा मिनिटांत अंधार करून काळे-उजळ पट्टे बघून घ्या. थंड झाल्यावर नट परत एकदा आवळा, पहिल्या तापण्यात ते हमखास सैल होतात.

वॅट निवडताना बिलही बघा. २००० वॅटची शेगडी रोज दोन तास चालली तर महिन्याला १२० युनिट होतात. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतची मोफत विजेची सवलत घराच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरते. २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. दोन माणसांच्या घराला हजार-बाराशे वॅट पुरतात.

आता वाती

वातींचा स्टोव्ह बंद करून पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. पेटलेल्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं हा भाजण्याचा सरळ रस्ता आहे.

ज्योत पिवळी झाली म्हणून लगेच वाती बदलू नका. आधी वरची छिद्रांची नळकांडी नीट बसलीत का ते बघा. ती तिरकी असली किंवा छिद्रं काजळीने बुजली असली तर हवा पुरत नाही आणि नव्या वातीही पिवळ्याच जळतात. तार-ब्रशने छिद्रं मोकळी करा, नळकांडी हाताने फिरवून बसली की नाही खात्री करा. तरीही पिवळंच असेल तर रॉकेल तपासा. रेशनचं निळं असो की बाजारातलं पांढरं, काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी तळाशी वेगळा थर दिसतो, कारण पाणी रॉकेलपेक्षा जड. स्टोव्ह तडतडत असेल तर बहुतेक हेच. पाणी प्यालेली वात रॉकेल वर चढू देत नाही. तिला फेकायची गरज नाही, काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

मग वात बघा. टोकावरची काळी कड कात्रीने दोन-तीन मिलिमीटर सरळ कापा आणि कापलेलं तोंड नीट निरखा. आत पांढरट-पिवळा, मऊ, सुटा धागा दिसला तर वात जिवंत आहे. दर आठ-दहा दिवसांनी एवढं कापणं पुरतं. कापूनही आत तपकिरी, चिकट, कडक गोळा दिसला तर डांबरासारख्या मळाने धाग्यांमधल्या वाटा बुजल्यात. रॉकेल त्याच वाटांनी वर चढतं. अशी वात कितीही कापली तरी ओढणार नाही, ती बदलायची. डिझेल मिसळलेल्या रॉकेलने हे लवकर होतं. पेट्रोल मिसळलेल्या रॉकेलचा संशय आला, वास नेहमीपेक्षा उग्र वाटला, तर ते स्टोव्हमध्ये घालूच नका.

टाकी कोरडी पडेपर्यंत स्टोव्ह जाळणं ही वातीची सगळ्यात मोठी नासाडी. रॉकेल असताना जळतं ते रॉकेल, वात नाही. ते संपलं की सूतच जळतं आणि एका रात्रीत बोटभर वात कोळसा होते. टाकी पाव भाग उरली की भरा.

आणखी दोन कारणांनी वात बदलावी लागते, आणि ती चांगली ओढत असली तरी. एक, लांबी. वात पूर्ण वर केल्यावरही खालचं टोक टाकीच्या तळाला लोळलं पाहिजे. ते लोंबकळत राहिलं की टाकी अर्धी भरलेली असतानाच आंच कमी होते. दुसरं, जाडी. वात नळीत घट्ट भरून बसायला हवी, पण बोटाने वर-खाली सरकायला हवी. झिजून सैल झालेल्या वातीच्या कडेने आंच टाकीतल्या वाफेपर्यंत पोचू शकते. एखादी नळी रिकामी ठेवून स्टोव्ह पेटवणं तर कधीच नको. दहा वातींपैकी नऊच असल्या तर दहावी आणेपर्यंत स्टोव्ह बंद.

बदलायच्या तर सगळ्या एकदम बदला. जुन्या-नव्या मिसळल्या की ज्योत उंच-सखल होते आणि उंच ज्योतीची वात काजळी धरते. अथणी, रायबाग, चिकोडीकडे कानडी दुकानात ‘स्टोव्ह बत्ती’ म्हटलं की लगेच मिळतात, रॉकेलला तिथे चिमणी एण्णी म्हणतात. स्टोव्हचं नाव सांगून नळीच्या मापाच्याच, विणलेल्या सुती वाती मागा. जुनी वात नमुन्याला न्या.

बसवण्याआधी नव्या वाती दोन-तीन तास उन्हात ठेवा, आषाढ-श्रावणात सूत हवेतली ओल धरून असतं. ऊन नसेल तर गरम तव्यापासून वीतभर लांब ठेवून वाळवा. एकेक वात खालून ओढून घ्या, पीळ पडू देऊ नका, पीळ पडला की तिथेच रॉकेल अडतं. खटका पूर्ण वर करून सगळी टोकं एका पट्टीला लावा, नळीच्या वर पाच-सहा मिलिमीटर, आणि एकाच रेषेत कापा. सुटे धागे राहू देऊ नका, प्रत्येक धाग्याची वेगळी पिवळी ज्योत होते. खटका पूर्ण खाली केल्यावर टोकं नळीच्या आत गेलीच पाहिजेत, नाहीतर स्टोव्ह विझणार नाही.

टाकी भरा आणि वीस मिनिटं थांबा. टोकाला बोट लावून रॉकेल वर आलंय हे बघूनच काडी लावा, कोरडी वात पेटवली तर ती पहिल्याच दिवशी कडक होते. पेटवल्यावर पाच मिनिटं मंद ठेवा, नळकांडी तापली की ज्योत निळी होते. खिडकी उघडी हवी. बंद खोलीत पिवळ्या ज्योतीच्या स्टोव्हवर स्वयंपाक करणं जिवावर बेतू शकतं.

पाऊस सरला आणि स्टोव्ह माळ्यावर जायची वेळ आली की टाकी रिकामी करा. वाती त्यातच ठेवू नका, महिनोन्‌महिने राहिलेलं रॉकेल त्यांच्यात सुकून चिकट होतं. काढा, पिळा, मोकळ्या हवेत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यात उरलेल्या एक-दोन नव्या वातीही, पुढच्या मापासाठी.